जमीन नसलेल्या गावाची श्रीमंती

सालेर्नोहून निघालेली फेरीबोट किनाऱ्याच्या कडेकडेने पश्चिमेला चालली आहे. उजव्या बाजूची जागा पकडा. लात्तारीचे डोंगर इथे थेट समुद्रात उतरतात. मध्ये मैदान नाही, वाळूचा पट्टाही क्वचितच. वळणं घेत बोट एका अरुंद दरीच्या तोंडाशी येते आणि एकावर एक रचलेली पांढरी-पिवळी घरं दिसू लागतात. हे अमाल्फी. आज इथे जेमतेम पाच हजार माणसं राहतात. धक्क्यावर उतरण्याआधी क्षणभर डोळे मिटा आणि साडेनऊशे वर्षं मागे या.

इ. स. १०६५. इंजिनाची घरघर नाही, वल्ह्यांचा आवाज आहे. तुमचं गलबत इजिप्तहून आलं आहे. खाली तळाशी मिरीची पोती आहेत. ही मिरी मलबारात पिकली, अरब व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तांबड्या समुद्रात शिरली, पुढे कैरोच्या बाजारात विकली गेली. याच काळात आपल्या कोकणातली चौल, ठाणे आणि सोपारा ही बंदरंही अरब व्यापाऱ्यांनी गजबजलेली आहेत. अरबी समुद्रावरचा माल भूमध्य समुद्रापर्यंत पोचवणारी जी साखळी आहे, तिचं युरोपातलं एक टोक तुमच्या पायाखाली आहे.

किनाऱ्यावर पाय ठेवताच डांबराचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो. समोर गोदी. दगडी खांब, त्यांवर टोकदार कमानी आणि कमानींखाली अर्धवट बांधलेली गलबतं. सुतार फळ्या तासत आहेत. हे लाकूड आलं कुठून, म्हणून मान वर करा. दरीच्या दोन्ही अंगांना दाट जंगल आहे. याच डोंगरांचं लाकूड इथे गलबत होतं, आणि उरलेलं गलबतात भरून लाकडाची चणचण असलेल्या उत्तर आफ्रिकेला जातं. तिथून सोनं मिळतं. त्या सोन्यावर कॉन्स्टँटिनोपलमध्ये रेशीम घेतलं जातं, आणि रेशीम इटलीच्या बाजारात दामदुपटीने विकलं जातं. सराफाच्या फळीवरचं नाणं हातात घेऊन पाहा. त्याला तारी म्हणतात. नाणं अमाल्फीचं, पण त्यावरची नक्षी अरबी अक्षरांची. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार, त्यांना ओळखीचं वाटेल असंच नाणं इथे पाडलं जातं.

हे गाव ८३९ साली नेपल्सच्या सत्तेतून मोकळं झालं आणि स्वतःच्या बळावर उभं राहिलं. त्या बळाची किंमतही गावाने मोजली आहे. ९९६ साली कैरोत खलिफाचं आरमार जळालं, संशय अमाल्फीच्या व्यापाऱ्यांवर आला आणि जमावाने त्यांच्यातल्या शंभराहून अधिक जणांना ठार मारलं. इथल्या किती घरांत त्या वर्षी चूल पेटली नसेल! तरीही पुढच्या पिढीने पुन्हा इजिप्तची वाट धरली, कारण पोट भरायला शेत नव्हतंच.

गर्दी चौकाकडे सरकते आहे, तुम्हीही चला. देवळाच्या दाराशी एक मठाधिपती थबकला आहे. तो माँटे कॅसिनोचा देसिदेरियस, पुढे पोप होणार आहे. सम्राटाच्या घराण्यातल्या हेन्रीला नजराणा द्यायला तो इथे रेशीम घ्यायला आला आहे. पण आत्ता त्याची नजर दारावर खिळली आहे. काशाची ही प्रचंड कवाडं कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतली गेली आणि समुद्रमार्गे इथे आली. येशू, मेरी, संत पीटर आणि संत अँड्र्यू यांच्या आकृती चांदीच्या जडावाने कोरल्या आहेत, आणि घडवणाऱ्या सीरियाच्या सिमेओनचं नावही दारावर आहे. दान देणारा पांतालेओने हा इथलाच व्यापारी. देसिदेरियस आपल्या मठासाठीही अशीच कवाडं मागवणार आहे. सीरियाचा कारागीर, ग्रीकांची राजधानी, इटलीचं देऊळ. या बंदरात ही सगळी माणसं एकमेकांना परकी नाहीत.

याच शहराच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि रुग्णालय उभारलं. त्यातूनच पुढे सेंट जॉनच्या नाइट्सचा पंथ वाढला आणि त्यांचा आठ टोकांचा क्रॉस जगभर गेला.

इथला कायदाही समुद्रावरच घडला. अमाल्फीचे सागरी नियम पुढे ६६ कलमांत लिहून ठेवले गेले. गलबताचा मालक, व्यापारी आणि खलाशी एकाच सफरीचे भागीदार होऊ शकत. फायदा झाला तर वाटून, तोटा झाला तरी वाटून. साधा वल्हेकरीही नुसता पगारी गडी नव्हता, त्याचा सफरीत हिस्सा असे. मला अमाल्फीचं सगळ्यात मोठं वैभव तिच्या सोन्यात दिसत नाही, या वाटणीत दिसतं.

आता पटापट पुढे चला. १०७३ मध्ये नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार्ड शहर ताब्यात घेतो. ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाचं आरमार येऊन लूट करतं. राज्य जातं, बंदर टिकून राहतं.

आणि मग २५ नोव्हेंबर १३४३. पहाट झालेली नाही. वारा असा सुटला आहे की दिवा टिकत नाही. तुम्ही डोंगराकडच्या पायऱ्यांवर उभे आहात, म्हणून वाचला आहात. खाली समुद्र उठतो आणि गोदीचा मोठा भाग, धक्के, किनाऱ्यालगतच्या वखारी घेऊन जातो. त्याच रात्री नेपल्समध्ये एका मठात उतरलेला कवी पेत्रार्क जागा आहे. तिथल्या बंदरात बुडणाऱ्या गलबतांचं वर्णन त्याने आपल्या पत्रात लिहून ठेवलं. अलीकडे भूवैज्ञानिकांनी या लाटांचा संबंध स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळण्याशी जोडला आहे. पाच वर्षांनी प्लेगही आला.

सकाळी वाचलेली माणसं समुद्राकडे पाठ करून दरीत चढतात. तुम्हीही त्यांच्यामागून जा. कान्नेतोच्या ओढ्यावर ठाकठूक आवाज येतो आहे. पाण्याच्या जोराने फिरणारं चाक लाकडी हातोडे उचलतं आणि दगडी कुंडात आपटतं. कुंडात जुनी सुती, तागी चिरगुटं आहेत. कुटून कुटून त्यांचा लगदा होतो. कारागीर तारेच्या जाळीची चौकट त्यात बुडवतो, हलक्या हाताने हलवून वर काढतो, आणि लोकरी कापडावर पालथी घालतो. एक ओला ताव तयार झाला. तो दाबला जातो आणि वरच्या मजल्यावर वाऱ्याला टांगला जातो. ही विद्या अरबांशी असलेल्या व्यापारातून इथे आली. १२३१ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सरकारी दस्त कागदावर लिहायला बंदी घातली होती, ते चामड्यावरच टिकतील म्हणून. दरी मात्र कागद करत राहिली.

आणखी वर चढा. एकोणिसावं शतक आहे. डोंगर कापून चढत्या पायऱ्यांसारखी शेतं केली आहेत आणि त्यांना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांनी तोलून धरलं आहे. चेस्टनटच्या खांबांच्या मांडवाखाली लांबट, टोकदार लिंबं लटकली आहेत. स्फुसातो म्हणतात त्यांना. खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून अशी लिंबं गलबतांवर भरली जात. इथे गाडी चढत नाही, म्हणून टोपल्या पाठीवरून उतरतात, शेकडो पायऱ्या, दिवसातून अनेकदा. या गडग्यांतला एक दगड निसटला तर वरची माती खालच्या घरावर येते, म्हणून प्रत्येक पिढी ते पुन्हा रचत आली आहे.

ऑक्टोबर १९५४ मध्ये डोंगरानेही आपला हिशेब मागितला. एका रात्रीच्या पावसात ओढे फुटले, सालेर्नोच्या या किनाऱ्यावर तीनशेहून अधिक माणसं गेली आणि दरीतल्या बहुतेक कागद-गिरण्या कायमच्या बंद पडल्या.

आता आजच्या दिवसात परत या. ज्या रस्त्यावरून तुम्ही चालता आहात त्याच्या खालूनच कान्नेतो वाहतो आहे. एका जुन्या गिरणीत कागदाचं संग्रहालय आहे, तिथे हातोडे अजून पाण्यावर फिरवून दाखवतात. देसिदेरियसने पाहिलेली कवाडं आजही जागेवर आहेत. देवळाचा दर्शनी भाग मात्र १८६१ मध्ये कोसळल्यावर पुन्हा बांधलेला. गोदीच्या उरलेल्या कमानींखाली संग्रहालय आहे. १९९७ पासून हा किनारा जागतिक वारसा यादीत आहे.

या गावाला देवाने पीक काढायला सपाट जमीन दिली नाही. दिला तो उभा कडा आणि खवळणारा समुद्र. लोकांनी कड्याचं लाकूड केलं, ओढ्याची गिरणी केली, समुद्राची वाट केली, आणि डोंगर व समुद्र दोन्हींनी घात केल्यावरही गाव सोडलं नाही. बहुतेक पर्यटक मात्र चौकात फोटो काढून, लिंबाचं सरबत पिऊन संध्याकाळच्या बोटीने परततात. तुम्ही असं करू नका. दोन तास जास्त ठेवा, चांगल्या चपला घाला आणि गिरण्यांच्या दरीत, लिंबांच्या मांडवांपर्यंत चढून जा. अमाल्फी कशावर जगली, हे तिथेच कळतं.