दहा रुपयांच्या टॉपअपपासून अठ्ठावीस दिवसांच्या फेऱ्यापर्यंत

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या साध्या बटणवाल्या फोनला दर महिन्याला दोनशे रुपये का लागतात, असं हल्ली बरेच जण विचारतात. उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून इथे लिहितो.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला हा पहिला मोबाईल कॉल. तेव्हा बोलणाऱ्याला तर पैसे पडायचेच, ऐकणाऱ्यालाही पडायचे. मिनिटाला पार १६ रुपयांपर्यंत दर. आपण सगळे त्या काळात पिवळ्या एसटीडी बूथसमोर रांगेत.

खरा बदल झाला मे २००३ मध्ये. इनकमिंग फुकट झालं. माझ्या मते मोबाईलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी तारीख हीच, बाकी फोर-जी, फाईव्ह-जी नंतर. कारण खिशात दमडी नसली तरी माणूस फोन बाळगू शकला. एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘तू लाव’, ही भाषा आपण तेव्हाच शिकलो. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात दिला. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेड आलं. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर एक रुपयात मिनिट केलं, आणि २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा. दहाचं टॉपअप मारायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. नंबर मात्र तुमचाच.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. फुकट कॉल, फुकट डेटा. आपण खूश झालो, पण त्या दरयुद्धात एअरसेल बुडाली, अनिल अंबानींची आरकॉम बसली, टाटाचा मोबाईल धंदा एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल.

गिऱ्हाइकाला जायला जागा कमी झाली, आणि त्याच २०१८ च्या शेवटी एअरटेल, व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्जची अट आणली. ३५ रुपये, २८ दिवस. नाही भरले तर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग. ‘लाइफटाइम’चं आयुष्य तिथे संपलं! ३५ चा तो आकडा एअरटेलमध्ये जुलै २०२४ ला १९९ वर गेला. दर ठरवायचं काम ट्राय करत नाही, ते कंपन्यांवर सोडलेलं आहे.

२८ दिवसांची गोम वेगळीच. महिना म्हणून विकायचं आणि वर्षात १३ रिचार्ज करून घ्यायचे. ओरड झाल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवा असा आदेश काढला. पण साध्या फोनवाल्याच्या माथी इंटरनेट मारणं चालूच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं, फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्या, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. उशीर झाला, पण झालं.

जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक आले. एअरटेलचा वर्षाचा १,८४९ ला. १९९ चा तेरा वेळा मारला तर २,५८७ होतात, म्हणजे ७३८ रुपये वाचले. जिओचा १,७४८ चा आहे, पण तो ३३६ दिवसांचा. वर्षाचा समजू नका.

आता मजुरीवर जगणाऱ्या माणसाने एकदम अठराशे आणायचे कुठून? त्याच्यासाठी ८४ दिवसांचे पॅक आहेत. एअरटेल ४६९, जिओ ४४८. हे दर आले तेव्हाचे सांगतोय. भरायच्या आधी ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर आजचा दर बघा. दुकानात ‘नेट नको, फक्त बोलायचा पॅक द्या’ असं स्पष्ट सांगा, दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी की आज आधार, बँक, गॅस, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं आहे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर गेलेल्या कुटुंबाचा नंबर रिचार्जअभावी बंद पडून नंतर दुसऱ्याला दिला गेला, तर ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर जाणार. बोलण्यापुरता पॅक परवडतो तोवर तो चालू ठेवा.

आणि कंपनीच बदलायची असेल तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० ला पाठवा. स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नाहीत म्हणून कंपन्या हा मेसेज अडवत होत्या. डिसेंबर २०२१ पासून ट्रायच्या आदेशाने तो कुठल्याही पॅकवरून जायलाच हवा. अडवला तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.