अटकेची बातमी, निकालाची बातमी : भुसावळ १९९४

खानदेशच्या अलीकडच्या इतिहासाला वर्तमानपत्राइतके हाताशी असलेले साधन दुसरे नाही. मात्र दहशतवादाच्या बातम्या साधन म्हणून वापरायच्या तर त्यांची वेगळी पारख करावी लागते. माझे हे मत भुसावळच्या खटल्यावरून बनले.

मे १९९४ मध्ये भुसावळ आणि राज्यातील इतर ठिकाणांहून अकरा मुसलमान पुरुषांना ‘टाडा’खाली अटक झाली. बाबरी मशीद पाडल्याचा सूड घेण्यासाठी त्यांनी ‘भुसावळ अल् जिहाद’ नावाची संघटना उभारली, असा आरोप होता. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी नाशिकच्या विशेष न्यायालयाने अकराही जणांना निर्दोष सोडले. पुरावा अपुरा होता आणि टाडातील तरतुदीही पाळल्या गेल्या नव्हत्या. खुद्द टाडा मे १९९५ मध्येच संपला होता. त्याखालचा हा खटला मात्र पुढे जवळजवळ चोवीस वर्षे चालला.

त्या काळच्या मराठी बातमीत ‘अतिरेकी’ हा शब्द सर्रास येई. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द गळाले की आरोपाची घटना होते. अटकेच्या बातमीत नाव, गाव, कट असे सगळे एका दिवसात मिळते. निकाल येतो तेव्हा वार्ताहर बदललेला असतो आणि वाचकाची एक पिढी उलटलेली असते.

१९०८ मध्ये चित्र उलटे होते. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर टिळकांनी ‘केसरी’त हत्येचे समर्थन केले नाही, पण तरुण बाँबकडे का वळतात याचे कारण सरकारच्या दडपशाहीत शोधले. त्या लेखांबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा सरकारला वर्तमानपत्राचा संशय होता. १९९४ मध्ये वर्तमानपत्राने सरकारी कथनावर भरवसा ठेवला, आणि ‘तरुण का वळतात’ हा टिळकांचा प्रश्न बातमीतून हरवला.

खानदेशाला लागून असलेल्या मालेगावात हेच पुन्हा घडले. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर नऊ मुसलमान तरुण पकडले गेले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले, आणि २०१६ मध्ये आधीच्यांपैकी हयात आठ जण आरोपमुक्त झाले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. त्यांच्यासाठी ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द आधीच रुळला होता. धर्म बदलला, बातमीची रीत तीच राहिली. त्या स्फोटात गेलेल्या सहा जणांच्या घरच्यांना मात्र गुन्हेगार कोण, हे आजही कळलेले नाही.

तरुणांचे कट्टरतेकडे वळणे हा काही निव्वळ बागुलबुवा नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले, हे घडले आहे. पण तरुणांना ओढणारे अन्यायाच्या भावनेलाच हात घालतात. निर्दोषाला गुन्हेगार ठरवून विसरून जाणारी बातमी त्यांच्या हाती आयते उदाहरण देते.

म्हणून अभ्यासकाने एक नियम पाळावा, असे मला वाटते : अटकेचे कात्रण निकालाच्या कात्रणाशिवाय उद्धृत करू नये. भुसावळच्या नोंदीत १९९४ आणि २०१९ ही दोन्ही साले एकाच ओळीत हवीत. एकच साल लिहिले तर तो इतिहास होत नाही, आरोपपत्राची नक्कल होते.