१ जूनला जन्मलेली माणसं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी खात्याची कर्मचाऱ्यांची यादी घ्या, जन्मतारखेनुसार आलेख काढा. बाकीच्या दिवशी गवत दिसेल आणि १ जूनला एकटं ताडाचं झाड. नवख्या प्रोग्रॅमरला वाटतं की कुणीतरी रिकाम्या रकान्यात डिफॉल्ट तारीख भरून ठेवली आहे. तसं पाहिलं तर भरलेलीच असते, पण कॉम्प्युटरने नव्हे, शाळेतल्या गुरुजींनी.

पूर्वी गावात जन्माची नोंद व्हायचीच असं नव्हतं. आईबाप पोराला शाळेत घेऊन यायचे आणि सांगायचे, "त्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी झाला." शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. वय पूर्ण भरायला हवं म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि दाखलखारीज रजिस्टरात लिहायचे, १ जून. त्या एका ओळीने त्या पोराचा शाळेचा दाखला, नोकरीचं वय आणि निवृत्तीचा दिवस असं सगळं ठरून जायचं.

राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. पण ज्याचा जन्मच महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रात निरोप समारंभांचा पाऊस पडतो. शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार. आणि पंधरा दिवसांनी शाळा उघडते.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आजी सांगायची की तिचा जन्म श्रावणातला. कागदावर मात्र १ जून १९६९. ती १९९२ साली नोकरीला लागली तेव्हा सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ही तारीख चढली. म्हणजे ३१ मे २०२७ला तिची खुर्ची रिकामी होणार, हे जिल्हा परिषदेला ३५ वर्षं आधी माहीत होतं. मी दिवसभर ज्या कामाचा पगार घेतो त्यात उद्या सर्व्हरवर किती लोड येईल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो बऱ्याचदा चुकतो. निवृत्तीचा अंदाज बांधायची गरजच नाही. जन्मतारखेत ५८ मिळवा. अपघाती मृत्यू, आजारपण, राजीनामे सोडले तर शाळेतली रिकामी खुर्ची ही सरकारदरबारातली सगळ्यात आधी कळणारी गोष्ट आहे. तरीही ती भरताना दरवेळी अचानक काहीतरी घडल्यासारखी धावपळ होते. हे का होतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

शिक्षक कोण असावा आणि त्याला काय द्यावं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात शाळेच्या इमारतींपेक्षा शिक्षकाबद्दल जास्त सांगितलं आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले असावेत, त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असं त्यांनी मांडलं. गावात शिक्षकाचं वजन वाढावं म्हणून गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं अशी कामंही त्याच्याकडे द्यावीत, असंही सुचवलं. फुल्यांना त्या जास्तीच्या कामातून शिक्षकाची प्रतिष्ठा वाढवायची होती. आज जास्तीची कामं भरपूर आहेत, प्रतिष्ठेचं तुम्ही तुमच्या गावातल्या शिक्षकांना विचारा.

पुढे लोकल बोर्डं आली. मग मुंबई राज्याच्या भागात १९४७च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं आली. जुनी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती यामुळे. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा गावातला शिकलेला माणूस गणला जायचा आणि त्यातलेच बरेच जण मास्तर व्हायचे. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हापासून प्राथमिक शिक्षक हा जिल्ह्याचा माणूस झाला. नेमणूक जिल्ह्याची, सेवाज्येष्ठतेची यादी जिल्ह्याची, बदलीही जिल्ह्यातच. पगाराचा पैसा राज्य सरकारचा. खुर्ची रिकामी आहे हे जिल्ह्याला दिसतं, ती भरायची की नाही हे मुंबईत ठरतं. ही फट तेव्हापासूनची आहे.

या फटीचा पहिला मोठा वापर २००० साली झाला. राज्याने शिक्षण सेवक योजना आणली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं नियमित वेतन नाही, ठरावीक मानधन. प्राथमिकला महिन्याला ३,००० रुपये. तीन वर्षं नीट काढली की मग वेतनश्रेणी. नावाकडे जरा बघा. गुरुजी, मास्तर, शिक्षक यानंतरचा शब्द सेवक. काम तेच, वर्ग तोच, फळा तोच. नंतर मानधन ६,००० झालं आणि तिथेच कितीतरी वर्षं अडकलं. १ जानेवारी २०२३पासून ते १६,००० झालं.

दुसरा वापर निवृत्तीचा. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली, पगारातून कापून साठवलेल्या पैशांची नवी योजना आली. मार्च २०२३मध्ये राज्यभरचे कर्मचारी सात दिवस संपावर गेले ते याच मुद्द्यावर. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोन शिक्षकांचं म्हातारपण त्या एका तारखेने वेगळं झालं.

तिसरा वापर सगळ्यात सरळ होता, भरतीच बंद करण्याचा. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. फक्त हजेरीपटावर असलेली, वर्गात कधीच नसलेली लाखो मुलं सापडली. पट कमी झाला की मंजूर पदं कमी होतात, आणि मग शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात. या अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवीन भरती नाही, असा निर्णय २ मे २०१२ला निघाला. बनावट पट वाढवला त्यांचं काय झालं हा वेगळा विषय. पण त्यांच्या पापाची किंमत ज्यांनी मोजली त्यातली एक माझी मामेबहीण आहे.

ताईने २०११ साली डी.एड. पूर्ण केलं. तेव्हा गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली होती. बारावीनंतर दोन वर्षं, मग लगेच नोकरी, असा हिशेब घराघरात होता. मुलीसाठी तर हाच एक 'सुरक्षित' मार्ग मानला जायचा. ती बाहेर पडली आणि वर्षभरात दार बंद झालं. १५ डिसेंबर २०१३ला राज्याची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी झाली. ताई पास झाली. नोकरी नव्हती. डिसेंबर २०१७मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, ती दिली. त्या गुणांवर पहिली निवड यादी यायला ऑगस्ट २०१९ उजाडला, त्यात तिचं नाव नव्हतं. २०२३मध्ये पुन्हा चाचणी. फेब्रुवारी २०२४च्या यादीत तिचं नाव आलं. डी.एड. झालं तेव्हा ती विशीत होती, रुजू झाली तेव्हा तिला सातवीतला मुलगा होता.

मधली वर्षं तिने काय केलं? एका खासगी इंग्रजी शाळेत चार हजारांवर शिकवलं, शिवण शिकली, दोन वर्षं पतसंस्थेत काम केलं. तिच्याबरोबर डी.एड. झालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी नाद सोडला. राजीनाम्याची नोंद कुठल्या तरी रजिस्टरात होते. नोकरी लागण्याआधीच जे सोडून गेले त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

इथे मला माझ्या धंद्याचं थोडं बोलायचं आहे. ही नवी भरती 'पवित्र' नावाच्या पोर्टलवरून होते. २०१७ साली आलेल्या या पोर्टलची कल्पना चांगली आहे. चाचणीचे गुण, आरक्षण, उमेदवाराने भरलेले पसंतीक्रम, रिकाम्या जागा. एवढं दिलं की कोण कुठे जाईल ते संगणक ठरवतो. ताईला कुणाच्या ओळखीची किंवा पाकिटाची गरज पडली नाही, हे या पोर्टलचं श्रेय आहे आणि ते मी देतो. पण कॉलेजात शिकलेला कुणीही प्रोग्रॅमर सांगेल की काही लाख उमेदवारांची अशी यादी लावायला काही मिनिटंही पुरतात. मग वर्षं कुठे जातात?

ती पोर्टलच्या बाहेर जातात. आधी ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता व्हायला लागते, म्हणजे कुठल्या शाळेला किती पदं ते ठरतं. मग बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, म्हणजे कुठल्या प्रवर्गाच्या किती जागा रिकाम्या आहेत ते. मग जिल्हा परिषदेने जाहिरात द्यायची. मग कुणीतरी कोर्टात जातं. मग आचारसंहिता लागते. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबर आहे. बिंदुनामावली नीट झाली नाही तर कुणाच्या तरी हक्काची जागा जाते. पण यातलं एकही काम खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत थांबायची गरज नाही. कोण कधी निवृत्त होणार ते माहीत आहे, त्याचा प्रवर्ग माहीत आहे, शाळा माहीत आहे.

आणि यंत्र आलं म्हणून माणूस बदलत नाही, हेही दिसलं. २०२१च्या डिसेंबरमध्ये टीईटीचा घोटाळा उघड झाला. पैसे घेऊन नापासांना पास केलं होतं, आणि अटक झालेल्यांत परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे अधिकारी होते तसे निकालाचं तांत्रिक काम करणाऱ्या कंपनीचे लोकही होते. साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडी काढून पगार उचलणारे शिक्षक सापडले. शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन व्यवस्था. म्हणजे एकीकडे खरी खुर्ची रिकामी, आणि दुसरीकडे नसलेल्या खुर्चीचा पगार चालू.

भरती थांबली तरी वर्ग थांबत नाहीत. ७ जुलै २०२३ला राज्याने निर्णय काढला की जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटावर घ्यावं. महिन्याला २०,००० रुपये, वयाची मर्यादा ७०. ताई तेव्हा चाचणी देऊन निकालाच्या पुढच्या पायरीची वाट बघत होती. ५८व्या वर्षी ज्याला नियमाने घरी पाठवलं त्यालाच पुन्हा बोलावलं आणि ३०च्या पुढे गेलेल्यांना अजून थांबा म्हटलं. मला त्या निवृत्त गुरुजींचा राग येत नाही. त्यातले कितीतरी जण पोरांसाठी गेले असतील. पण ज्या खुर्चीवरून उठायची तारीख तीन दशकं माहीत होती, ती भरायला त्याच माणसाला परत बसवावं लागतं, याला नियोजन म्हणत नाहीत.

ताईला नेमणूक मिळाली ती घरापासून तीनशे किलोमीटरवर. नवरा आणि मुलगा गावी. ती आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत आहे. बदली झाली तर तिची सेवाज्येष्ठता शून्यापासून मोजली जाईल, पण तिला त्याची पर्वा नाही. ती गेली की तिथली शाळा पुन्हा रिकामी. कोकणात आणि गडचिरोलीत हे पुन्हा पुन्हा घडतं. बाहेरून शिक्षक येतात, काही वर्षांनी आपल्या जिल्ह्यात जातात, आणि मागे राहिलेल्या पोरांना नव्या बाईंची वाट बघावी लागते. कागदावर याला राजीनामा म्हणत नाहीत, 'कार्यमुक्त' म्हणतात. चौथीतल्या पोरासाठी फरक काहीच नाही.

आणि आता नवीन हिशेब सुरू झाला आहे. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असेल त्यांना सूट, पण बढती नाही. आई सुटली. तिच्या शाळेतले दुसरे सर ४९ वर्षांचे आहेत. ते रात्री मुलं झोपली की बालमानसशास्त्राच्या पुस्तकावर पेन्सिलने खुणा करत बसतात. शाळा दोनशिक्षकी आहे. २०२७च्या मे अखेर आई जाणार हे नक्की. सरांचं काय होईल ते परीक्षेवर. म्हणजे त्या वर्षी शाळेत दोन शिक्षक असतील, एक असेल, की एकही नसेल, हे आत्ताच विचारण्यासारखं आहे.

आणि विचारायला कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम २६ सांगतं की शाळेतली रिकामी पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक खुर्ची रिकामी म्हणजे पन्नास टक्के. त्याच कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि त्या समितीत पालक बहुसंख्य असतात. आमच्या गावच्या समितीच्या पुढच्या बैठकीसाठी मी एक पान तयार करून दिलं आहे. केंद्रातल्या बारा शाळा, प्रत्येक शिक्षकाचं फक्त जन्मवर्ष, आणि पुढच्या रकान्यात निवृत्तीची तारीख. बनवायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा चहाची. पाच शाळांपुढे २०२७ आणि २०२८ची मे अखेर आहे. समितीचे अध्यक्ष ट्रॅक्टर चालवतात. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे तर आत्ताच कळतंय की. मग जाहिरात आत्ताच का नाही?"

गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात त्यांनी हेच वाक्य जसंच्या तसं घातलं आहे.