हात लावा म्हणणारे शिल्प

परदेशातल्या एका संग्रहालयात मी एकदा एका शिल्पासमोर पुष्कळ वेळ उभा होतो. जाड धातूच्या पाटावर तांबूस सळ्यांच्या दाट ओळी, शेतात बाजरीची ताटे उभी असावीत तशा. माथ्यावर कणसांसारखी जाड टोके. समोर दोरी आणि पाटी: हात लावू नये. मी आज्ञाधारक मनुष्य. दुरून पाहिले, मान डोलावली आणि पुढे सरकलो. घरी आल्यावर शिल्पकाराची हकीकत वाचली, तेव्हा उमगले की आपण ते शिल्प पाहिले असे म्हणण्यात काही अर्थ नाही. ते ऐकायचे होते, आणि ऐकायचे तर हात लावायला हवा होता!

शिल्पकाराचे नाव हॅरी बर्टोया. जन्म १९१५ चा, इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली भागातल्या एका खेड्यातला. थोरला भाऊ अमेरिकेत डेट्रॉइटला होता. पंधराव्या वर्षी, १९३० साली, हा मुलगा त्याच्याकडे गेला आणि तिकडचाच झाला. शाळेत दागिने घडवायला शिकला. १९३७ साली क्रॅनब्रुकच्या कलाशाळेत शिष्यवृत्ती मिळाली आणि दोन वर्षांत तिथल्या धातुकामाच्या कार्यशाळेची जबाबदारी त्याच्याकडे आली. पण पुढे महायुद्धाने धातू महाग केला. मोठी कामे थांबली. बर्टोया पुन्हा दागिन्यांकडे वळला.

१९५० साली तो पेनसिल्व्हेनियात आला आणि नोल या फर्निचरच्या कंपनीसाठी त्याने पोलादी तारांच्या जाळीची एक खुर्ची घडवली. १९५२ साली बाजारात आलेली ही ‘डायमंड’ खुर्ची इतकी लोकप्रिय झाली की बर्टोयाची पोटाची चिंता मिटली. खुर्च्यांचा नाद सोडून तो शिल्पाकडे गेला. लोक बसले खुर्चीवर आणि स्वस्थता लाभली शिल्पकाराला, असा हा मजेदार व्यवहार!

सुमारे १९६० ची गोष्ट. तार वाकवता वाकवता ती तुटली आणि शेजारच्या तारेवर आपटली, अशी हकीकत सांगतात. जो नाद उमटला तो त्याच्या कानातून जाईना. एका तारेतून एवढे, तर दहांतून काय निघेल? शंभरांतून? उरलेले आयुष्य त्याने या प्रश्नाला वाहिले.

सळी वाजते कशी, हे पाहण्यासारखे आहे. सतारीची तार दोन्ही टोकांना ताणलेली असते. ताण तोच ठेवून ती दुप्पट लांब केली तर स्वर एक सप्तक उतरतो. बर्टोयाची सळी मात्र एकाच टोकाला रोवलेली. ती दुप्पट लांब केली की कंपने चौथाईवर येतात, म्हणजे स्वर दोन सप्तके खाली जातो. शिवाय तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत असतात, म्हणून त्यात आपल्याला षड्ज सापडतो. सळीचा पुढचा स्वर पहिल्याच्या सुमारे सव्वासहा पट! तिथे षड्ज हाती लागत नाही. घंटेसारखा एक गुंजारव तेवढा पसरत राहतो. माथ्याच्या वजनामुळे सळ्या सावकाश झुलतात आणि एकमेकींवर आपटत राहतात. हात काढून घेतला तरी शिल्प आपले बोलणे लगेच संपवत नाही.

बॅली गावाजवळ एक जुने दगडी कोठार होते. ते दुरुस्त करून बर्टोयाने त्यात सुमारे शंभर वाजती शिल्पे मांडली. पाहुणे येत, तो त्यांच्यासमोर सळ्यांमधून हात फिरवी. या नादसृष्टीला त्याने ‘सोनॅम्बियंट’ असे नाव दिले. तिथेच ध्वनिमुद्रण करून १९७० साली पहिली तबकडी काढली, आणि १९७८ साली आणखी दहा. शिकागोत एका उत्तुंग इमारतीपुढे, १९७५ साली, त्याने पाण्याच्या हौदात अकरा शिल्पे उभी केली. तिथे वाजवण्याचे काम वाऱ्याकडे होते. पुढे तो चौक नव्याने बांधला गेला आणि त्यांतील काही शिल्पे तिथून हलली.

त्याच्या आवडत्या धातूंत तांबे आणि बेरिलियमचा मिश्रधातू होता. तो लवचीक, नादाला गोड. पण बेरिलियमची धूळ फुप्फुसाला घातक असते, हे आज सर्वश्रुत आहे. ६ नोव्हेंबर १९७८ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने बर्टोया गेला. वय त्रेसष्ट. त्याच कोठारामागे त्याला पुरले. वर दगड नाही. देवळातल्या झांगटाच्या जातीची, पण प्रचंड अशी, त्याचीच एक कांस्य थाळी आहे.

आता त्या दोरीकडे परत येतो. संग्रहालयाची बाजू खोटी नाही. हजारो हात लागले तर सळ्या थकतील, जोड सुटतील, घामाने रंग बदलेल. शिल्प शंभर वर्षे टिकवायचे तर दोरी हवीच. पण शंभर वर्षांनी जे टिकलेले असेल ते काय असेल? आपल्याकडे वस्तादाच्या पश्चात काचेच्या कपाटात ठेवलेली सतार असते ना, तसेच. काही ठिकाणी मधला मार्ग काढतात: ठरल्या वेळी संग्रहालयातला माणूस येऊन शिल्प वाजवून दाखवतो. मला हे पटते. झीज होईल, पण ती ऐकण्यापायी होईल.

गेल्या दिवाळीत पहाटे देवळात गेलो होतो. नव्या परकरातल्या एका चिमुरडीला तिच्या बापाने उचलून घंटेपर्यंत नेले. तिने दोन्ही हातांनी लोलक धरला आणि जोरात आपटला. तो लोलक असंख्य हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. घुमटातला नाद विरेपर्यंत ती पोर तोंड उघडे टाकून वर पाहत होती. मला त्या दोरीमागच्या सळ्या आठवल्या. पुन्हा तिकडे जाणे झाले, तर वाजवण्याची वेळ कोणती, हे मी आधी विचारून घेणार आहे.