जुन्नरला जप्त झालेला घोडा

आज आपली माणसं कामधंद्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यात जातात. त्यातले काही देश धोक्याचे असतात. निघताना आपण विमा काढतो, पैसे दोन ठिकाणी ठेवतो, कागदपत्रांच्या प्रती काढतो. हे सगळं हवंच. पण परमुलखात संकट आलंच, तर माणूस त्यातून सुटतो कसा? याचं एक उत्तर साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या जुन्नरमध्ये सापडतं. तेव्हा धोक्याचा परदेश आपला होता आणि व्यापारी होता रशियन.

त्याचं नाव अफनासी निकितिन. गाव त्वेर, व्होल्गा नदीच्या काठचं. १४७० च्या आसपास तो हिंदुस्थानात होता. पण घरातून निघाला तेव्हा हिंदुस्थान त्याच्या मनातही नव्हता. जायचं होतं शिरवानला, म्हणजे आजच्या अझरबैजानच्या भागात. त्यानं काळजीही घेतली होती. एकट्यानं न जाता तो शिरवानच्या परतणाऱ्या वकिलाच्या सोबतीनं निघाला. तरीही आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटलं. पुढं कास्पियन समुद्रात वादळ झालं, एक जहाज फुटलं आणि त्यावरची माणसं किनाऱ्यावरच्या टोळीनं धरून नेली. वकिलांनी शब्द टाकला, म्हणून ती सुटली. माल मात्र गेला तो गेलाच.

आता निकितिननं घरी का जाऊ नये? त्याच्याच टिपणांत याचं उत्तर आहे. ज्यांचं रशियात काही होतं ते परत गेले, ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. धोक्याच्या मुलखात जाणारा प्रत्येक जण धाडसी असतोच असं नाही. कित्येकांना रिकाम्या हातानं घरी परतण्याची सोय नसते.

निकितिन इराणमधून होर्मुझला आला. त्याला ऐकीव माहिती मिळाली होती की हिंदुस्थानात रशियाला नेण्याजोगा माल भरपूर आहे. बहमनी राज्यात घोड्यांना मोठी मागणी होती, म्हणून एक घोडा घेऊन तो जहाजानं चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोचला. तिथवर येईपर्यंत घोडा त्याला शंभर रुबलला पडला होता. म्हणजे त्याचं सगळं भांडवल त्या एका जनावरात अडकलेलं!

जुन्नरचा अधिकारी होता असद खान. हा परदेशी मुसलमान नाही हे कळताच त्यानं घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि दंडही भर. गंमत बघा, असद खान ज्याच्या हाताखाली होता तो बहमनींचा वजीर महमूद गवान स्वतः इराणातून व्यापारासाठी आलेला. त्याची पदवीच होती मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. तरीही त्याच्या राज्यात व्यापाऱ्याचा घोडा जप्त झाला. वरचा माणूस जाणता असला तरी आपली गाठ पडते ती ठाण्यावरच्या अंमलदाराशी.

निकितिन सुटला तो एका माणसामुळे. मुदत संपता संपता मुहंमद नावाचे एक खुरासानी गृहस्थ जुन्नरला आले. निकितिननं त्यांचे पाय धरले. ते खानाकडे गेले, बोलले आणि घोडा सोडवून आणला, धर्माचा आग्रहही मागे घेतला गेला. स्वतः मुसलमान असून त्यांनी एका ख्रिस्ती परदेश्यासाठी रदबदली केली.

पुढं निकितिन बिदरला गेला. तिकडे तो खोजा युसूफ खुरासानी हे नाव लावत असे. पण तिथल्या हिंदूंना त्यानं आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं, तेव्हा ते त्याच्याशी मोकळेपणानं वागू लागले. टोपणनाव त्याला वाटेवर उपयोगी पडलं. माणसं जोडली गेली ती खरं नाव सांगितल्यावर.

हिशेब मात्र कडू निघाला. रशियाला नेण्यासारखा माल इथं नाही, मिरी स्वस्त पण जकाती फार आणि समुद्रात चाचे फार, असं त्यानं लिहून ठेवलं. दाभोळहून तो परत निघाला. वाटेत त्राब्झोनला तुर्की अधिकाऱ्यांनी त्याचं सामान उचकटलं, कारण तो त्यांच्या शत्रूच्या, उझून हसनच्या, छावणीतून आला होता. एका देशातला मुक्काम दुसऱ्या देशात संशय ठरतो, हे आजही खरं आहे. घरी तो पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची टिपणं मात्र मॉस्कोला पोचली.

म्हणून मंडळी, निघण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. तिथल्या बाजाराची माहिती मला कोणी दिली, आणि त्यात त्याचा फायदा काय? आणि तिथं माझ्यासाठी दार ठोठावेल असा माणूस कोण? त्याचं नाव आणि नंबर घरच्यांकडेही ठेवा, आपल्या वकिलातीत नोंद करा. निकितिनला असा माणूस योगायोगानं भेटला. आपण तो आधीच शोधून ठेवू शकतो.