दिनविशेष : २० जानेवारी
काशीबाई कानिटकर यांचा जन्म (१८६१)

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत मेरी अ‍ॅन एव्हान्सने ‘जॉर्ज एलियट’ हे पुरुषी नाव घेऊन कादंबऱ्या लिहिल्या. त्याच काळात सांगलीजवळच्या आष्ट्याला, बापटांच्या घरी काशीबाईंचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झाले. अक्षरओळख झाली ती सासरीच, तीही घरच्यांचा विरोध सोसत. पती गोविंदराव शिकलेली बायको हवी म्हणणारे, पण घरातल्या मोठ्यांसमोर पुस्तक उघडायची सोय नव्हती. अशा चोरट्या वाचनातून तयार झालेल्या या बाईने पुढे कादंबरी लिहावी, याचे मोल आज चटकन लक्षात येत नाही.

त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी आधी मासिकातून क्रमशः आली, १९०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याआधीच, १८८९ मध्ये, त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र स्वतःच्या नावाने लिहिले होते. एका मराठी स्त्रीने दुसरीचे आयुष्य इतक्या आस्थेने मांडणे तेव्हा नवेच होते. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांशी त्यांचा स्नेह होता, लेखनावर पत्रांतून चर्चा चालत.

काशीबाईंना निदान चोरून वाचता तरी आले; आपल्या खानदेशात, जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंना तर अक्षरओळखही मिळाली नाही. त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या, म्हणून वाचल्या.

काशीबाईंची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ मध्ये आली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी तीत एका संस्थानाचा कारभार थेट स्त्रीच्या हाती दिला.