अंगणातून उभी राहिलेली शाळा : बोर्डी ते कोसबाड

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी गावात काम सुरू करायला आल्या, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या आणि बालशिक्षणात त्यांचा शब्द प्रमाण मानला जात होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, १९३३ पासून त्या मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवू लागल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. पण या साऱ्याचा लाभ शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांनाच होत होता. त्यांनी स्वीकारलेली मॉंटेसोरी पद्धत गरिबाच्या दारात चालेल का, याचे उत्तर खेड्यातच मिळणार होते.

बोर्डीत आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे जमीन थोडी तयार होती. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ ताराबाईंना येऊन मिळाल्या. बालविधवा म्हणून वाढलेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्या या कामातून हलल्या नाहीत.

बालवाडीतून अंगणात

बालवाडी सुरू झाली, पण सगळ्यांत गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकत नव्हती. आई-बाप भल्या पहाटे मजुरीला जात. पोराला आंघोळ घालून, कपडे चढवून वेळेवर पाठवायला घरी कोणी नसे. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत न्यायची ठरवली. शिक्षिका साहित्य घेऊन पाड्यावर जाई, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेई आणि तिथेच मुले जमत. हीच अंगणवाडी. हात-पाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे हाही शाळेचाच भाग असे. मग गाणी, गोष्टी, खेळ.

महागडी लाकडी साधने परवडणारी नव्हती आणि तुटली तर भरूनही निघाली नसती. मॉंटेसोरींचे तत्त्व त्यांनी ठेवले, वस्तू बदलल्या. शिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पाने, काड्या यांतून मोजणे, जुळवणे, लहान-मोठे ओळखणे सुरू झाले. त्यामुळे मुलाच्या हाताला परकी वस्तू लागली नाही, आणि दारात बसलेल्या आजीलाही पोर काय करते आहे ते कळू लागले. आजीला कळले म्हणजे घर शाळेच्या बाजूने झाले.

टेकडीवरची वाट

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघरमध्ये आहे. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी काही वर्षांपूर्वीच मोठा लढा दिला होता. बाहेरून आलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न पाड्यांवर साहजिकच होता.

इथे अडचणी वेगळ्या निघाल्या. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ घडली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि बहीण वर्गात, तिघेही हाकेच्या अंतरावर. दिवसभर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक गुरांमागे जाई आणि शिकणे झाडाखाली चाले. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते.

या सगळ्यात संस्थेने कुटुंबाला त्याचे कामाचे वेळापत्रक बदलायला लावले नाही. बदलली ती शाळेची वेळ, जागा आणि साधने. घरासारखी शाळा उभारायची म्हणजे घराच्या अडचणी आधी मोजायच्या, हा कोसबाडचा धडा आहे. भिंती रंगवणे फार नंतर येते.

दोघींनंतर

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. धुरा अनुताईंनी सांभाळली. प्रयोगांबरोबर बालसेविकांचे प्रशिक्षण आणि लेखन चालू राहिले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन बालशिक्षणात काम करणाऱ्याने वाचलेच पाहिजे. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण, लसीकरण, नोंदी यांचा मोठा भार त्या वाहतात, आणि शिकवण्यासाठी उरणारा वेळ त्या भारातूनच काढावा लागतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. गावातल्या किंवा वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जा आणि तीन गोष्टी विचारा : तिची वेळ इथल्या आयांच्या कामाशी जुळते का, मुलाला घरची बोली तिथे बोलता येते का, आणि शिकवण्यासाठी सेविकेला रोज किती वेळ मिळतो? उत्तरे समाधानकारक नसतील, तर ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत हा विषय मांडा. सेविका एकटी हे बदलू शकत नाही. वस्तीने बरोबर उभे राहायला हवे.